गावातल्या पाणी-आरोग्यावर संशोधन करायचंय, विद्यापीठाच्या सीड मनीत खरंच काही होतं का?

होतं. पण पैसे कशावर घालता त्यावर सगळं आहे. तुम्ही विचारलंय की सीड मनी, म्हणजे संशोधनाची सुरुवात करायला विद्यापीठ देतं ते छोटं अनुदान, लाख-दोन लाखांचं असतं, तेवढ्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळकडच्या गावांत पाणी आणि आरोग्य असा विषय झेपेल का, आणि त्यातून कुठलं इन्स्ट्रुमेंट घ्यावं. हा शेवटचा प्रश्न वाचला आणि राहवलं नाही म्हणून लिहितेय.

कुठलंच घेऊ नका.

मी कोल्हापुरातच एका कॉलेजात शिकवते. काही वर्षांमागं मीही सीड मनीला प्रस्ताव टाकला होता, विषय शिरोळ तालुक्यातल्या बोअर-विहिरींच्या पाण्यातलं नायट्रेट आणि सहा महिन्यांच्या आतली बाळं. तो भाग तुम्हाला माहीतच असणार, कृष्णा-पंचगंगेच्या काठची काळी रानं, वर्षानुवर्षं ऊस, वर भरमसाठ पाणी आणि युरियाची पोती, आणि आता क्षारपड. पिकानं न उचललेला नत्र पाण्याबरोबर खाली झिरपतो आणि बोअरमधनं परत आपल्याच हंड्यात येतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस 10500) नायट्रेटची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे, त्यात कसलीही सवलत नाही. 2012 ची इचलकरंजीतली काविळीची साथ सगळ्यांच्या लक्षात आहे कारण माणसं डोळ्यांदेखत पडली, नायट्रेट तसं दिसत नाही. मोठ्या माणसाला लगेच काही जाणवत नाही, पण वरच्या दुधावरच्या तान्ह्या बाळाच्या रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकद कमी होते, बाळ निळं पडायला लागतं. आणि आपल्याकडं बाळाचं पाणी उकळून गार करतात. नायट्रेट उकळून जात नाही, उलट पाणी आटलं की तेवढंच नायट्रेट कमी पाण्यात उरतं, म्हणजे प्रमाण वाढतं.

माझ्या प्रस्तावात मोठे खर्च तीनच होते: आशाताईंचं मानधन, नमुने आणायचा गाडीखर्च, आणि रिपोर्ट प्रत्येक घरी परत जाऊन सांगायचा खर्च. समितीतले एक ज्येष्ठ सर म्हणाले, मॅडम हा तर सर्व्हे झाला, यात रिसर्च कुठाय? आशांना कशाला पैसे, पोरं पाठवा की. त्यापेक्षा एखादं इन्स्ट्रुमेंट घ्या, डिपार्टमेंटला राहील. अहो, लॅबमध्ये यूव्ही स्पेक्ट्रो (पाण्यातनं अतिनील प्रकाश पाठवून त्यातले पदार्थ मोजायचं यंत्र) होता की! 220 नॅनोमीटर तरंगलांबीला नायट्रेट वाचायचं, 275 ला वाचून सेंद्रिय पदार्थांची लुडबुड वजा करायची, एवढ्या कामाला तो भरपूर झाला. तरी पहिला आणि तिसरा खर्च कापूनच मंजुरी आली.

मग गावात काय झालं ते सांगते. एका घरात बोअर चालू करून पाणी थोडं वाहू दिलं, बाटली त्याच पाण्यानं विसळून भरत होते तेवढ्यात आजी पडवीतनं म्हणाल्या, "मागं बी कोण तर आलतं, बाटल्या भरून न्हेल्या. पुढं काय झालं त्ये सांगाय कोण फिरकलं न्हाई." मी बाटलीवर चिठ्ठी चिकटवत होते, उत्तर द्यायला तोंड नव्हतं कारण परत यायचा खर्च तर समितीनं आधीच कापलेला. आशाताई माझ्या कानाशी हळूच म्हणाल्या, यांची लेक बाळंतपणाला आलीय, अंगावरचं दूध पुरत नाही म्हणून डब्याचं चालू केलंय, आणि नळाला रोज पाणी येत नाही म्हणून ते ह्याच बोअरच्या पाण्यात कालवतात. हे माझ्या प्रश्नावलीत नव्हतं, आणि एमएस्सीच्या पोराला ते कुणी सांगितलंही नसतं. अख्ख्या अभ्यासाचा गाभा तो होता आणि तो त्या बाईला माहीत होता, जिच्या मानधनावर काट मारली होती. त्या घरचा आकडा मर्यादेच्या वर निघाला. नळाचं पाणीही तपासलं होतं, ते मर्यादेत होतं, मग बाळापुरतं नळाचं पाणी वेगळं भरून ठेवा असं सांगून आलो. जायचा खर्च मी केला आणि आशाताईंना पैसेही मीच दिले. त्याचं दुःख नाही, पण प्रत्येकाला ते जमेलच असं नाही आणि का जमावं?

मशीनच का मंजूर होतं तेही ऐका. नॅकच्या, म्हणजे कॉलेज-विद्यापीठांना दर्जा देणाऱ्या संस्थेच्या, मूल्यांकनात शिक्षकांना सीड मनी दिलं का हे विचारतात, मग पैसे वाटायचे आणि 31 मार्चच्या आत खर्ची पडलेले दाखवायचे. मशीनचं एक बिल, स्टॉक रजिस्टरला एक नोंद, यूसी (पैसे खर्च झाल्याचं प्रमाणपत्र) तयार. मानधनाची शंभर व्हाउचरं तपासायला कुणाला वेळ नसतो. गावाच्या आरोग्यासाठीचा पैसा असा लॅबच्या कोपऱ्यात जाऊन बसतो याची मला खरंच चीड आहे.

सीड मनीचं काम एवढंच की पुढं आयसीएमआर (वैद्यकीय संशोधन परिषद), एएनआरएफ (संशोधनाला पैसे देणारी केंद्राची संस्था) किंवा राज्याच्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाकडं मोठा प्रस्ताव टाकताना हातात थोडा स्वतःचा डेटा आणि दोन-चार गावांचा विश्वास असावा. शिवाय जलजीवन मिशनमध्ये गावोगावी पाच-पाच बायकांना टेस्ट किट वापरायचं शिकवायचं धोरण आहे, आधी त्यांना भेटा, कुठली बोअर खराब हे त्यांच्याकडनं कळेल.

हां, एक राहिलं. घरच्यांच्या तब्येतीचे प्रश्न विचारणार असाल, रक्त तर सोडाच, तर एथिक्स कमिटीची मंजुरी आधी, बाटली नंतर. तुम्ही पीएचडीला असाल तर बऱ्याच ठिकाणी अर्ज गाइडच्याच नावानं जातो, परिपत्रक नीट वाचा. आणि शिरोळात कॅन्सरची चर्चा फार आहे म्हणून तो विषय या पैशात घेऊ नका, त्याला वर्षानुवर्षांची रुग्णनोंदणी लागते, अर्धवट आकडे काढून नुसती लोकांना भीती घालाल.

बजेटमध्ये आशाताईंचं मानधन पहिल्या ओळीत लिहा, आणि तिथंच खाली लिहा की वरच्या दुधावरची बाळं कुठल्या घरात आहेत ही माहिती दुसऱ्या कुणाकडं नाही. सर्व्हे आहे म्हणून कुणी नाक मुरडलं तर त्यांना सरळ विचारा, ती घरं तुमचं मशीन शोधून देणार आहे का?