५६००जीला कुठली रॅम? नवीचा भाव बघण्याआधी जुनी स्टिक हिशोबात धरा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बहिणीच्या आर्किटेक्चरच्या अभ्यासासाठी घेतलेलं मशीन, रायझन ५ ५६००जी प्रोसेसर, दोन स्लॉटचा बी४५० मदरबोर्ड, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, आणि ८ जीबीची डीडीआर४ (म्हणजे चौथ्या पिढीच्या रॅमची) २६६६ची एकच स्टिक. स्केचअप आणि फोटोशॉप एकदम उघडले की सगळं अडकतं. दुकानदाराने तीन पर्याय दिलेत. एक, जुनीच्या जोडीला ८ जीबीची साधी ३२०० सीएल२२ (३२०० हा वेगाचा आकडा, सीएल हा उशिराचा; दोन्ही पुढे उलगडतो). दोन, जुनी परत घेऊन १६ जीबीची एक ३२०० सीएल२२. तीन, ३६०० सीएल१८चा ८-८चा किट. शिवाय मित्र म्हणतोय, आता डीडीआर५च घ्या.

मित्राचं आधी बाजूला ठेवू. बी४५० हा एएम४ सॉकेटचा बोर्ड आहे, त्यावर डीडीआर५ चालत नाही. खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे स्टिक आत बसणारच नाही, आणि ५६००जीच्या आतला मेमरी कंट्रोलरही डीडीआर४पुरताच आहे. बोर्ड आणि प्रोसेसर दोन्ही बदलणार असाल तरच तो विषय.

उरलेल्या तिन्हींची तुलना तुम्ही मन लावून केली आहे, पण ती पाकिटावरच्या आकड्यांची आहे. स्टिक तुमच्या बोर्डावर गेली की हिशोब पालटतो, आणि तुमच्या बाबतीत तर तो उलटाच होतो.

पाकिटावर ‘३२०० मेगाहर्ट्झ’ लिहिलेलं असतं, पण खरं क्लॉक १६०० असतं. दर ठोक्याला दोनदा डेटा जातो, म्हणून ३२००. एका खेपेला ८ बाइट जातात. ३२०० गुणिले ८, म्हणजे सेकंदाला २५.६ जीबी. स्टिकरवर कधीकधी ‘पीसी४-२५६००’ असं लिहितात, ते हेच. तसंच ‘पीसी४-२१३००’ म्हणजे तुमची २६६६. हा मोठा आकडा पाहून ही वेगळी, जास्त वेगाची रॅम आहे असं समजून लोक जादा पैसे देतात, म्हणून हे मुद्दाम सांगतोय.

हा वेग एका चॅनेलचा. तुमच्या प्रोसेसरला दोन चॅनेल आहेत आणि बोर्डाचे दोन स्लॉट त्या दोन चॅनेलचे. दोन्हीत स्टिक असेल तरच दोन्ही वाटा उघडतात. आता पर्याय मांडून बघा. १६ जीबीची एकटी ३२०० स्टिक लावलीत तर एकच वाट चालू, सेकंदाला २५.६ जीबी. जुनी २६६६ ठेवून जोडीला नवी ८ जीबी लावलीत तर दोन्ही हळू असलेल्या स्टिकच्या, म्हणजे २६६६च्या चालीने चालतील, पण वाटा दोन: सेकंदाला साधारण ४२.७ जीबी. क्षमता दोन्हीकडे १६ जीबीच. म्हणजे तिन्हींत सर्वात स्वस्त पर्याय त्याच्यापेक्षा महाग असलेल्या दुसऱ्या पर्यायाच्या दीडपटीहून पुढे जातो.

तुमच्याकडे हे इतकं महत्त्वाचं का, तर ग्राफिक्स कार्ड नाही. कार्डावर स्वतःची मेमरी असते. ५६००जीच्या आतल्या ग्राफिक्सला मात्र याच रॅममधून वाटा घ्यावा लागतो आणि याच वाटेने ये-जा करावी लागते. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर ‘हार्डवेअर रिझर्व्हड’ म्हणून जो आकडा दिसतो, त्यातला बहुतेक भाग ग्राफिक्ससाठी बाजूला काढलेला असतो. स्केचअपमध्ये मॉडेल फिरवताना ते धक्के खातं, त्यात क्षमतेच्या टंचाईइतकाच या अरुंद वाटेचाही हात असणार. म्हणून दुसरा पर्याय यादीतून काढाच. जुनी स्टिक परत देऊन मिळणारी किंमत त्या बदल्यात अगदीच किरकोळ आहे.

आता सीएल. हा आकडा सुटा वाचायचा नसतो. सीएलला २००० ने गुणायचं आणि ३२००, ३६०० वगैरे आकड्याने भागायचं. उत्तर येतं नॅनोसेकंदांत, म्हणजे मागितल्यापासून डेटा यायला लागणारा प्रत्यक्ष वेळ. ३२०० सीएल१६ म्हणजे १०. ३६०० सीएल१८ म्हणजेही १०. ३२०० सीएल२२ म्हणजे १३.७५, आणि २६६६ सीएल१९ म्हणजे साधारण १४.२५. डीडीआर५ ६००० सीएल३० काढलंत तरी १०च येतं. सीएल१८ पाहून ‘सीएल१६पेक्षा हळू’ म्हणणारे आणि ६००० पाहून ‘दुप्पट चपळ’ म्हणणारे, दोघांचंही चुकतं.

तिसरा पर्याय, ३६००चा किट, कागदावर तिन्हींत सरस आहे यात शंका नाही: दोन वाटा, सेकंदाला ५७.६ जीबी, १० नॅनोसेकंद. पण दोन गोष्टी लक्षात घ्या. ५६००जीसाठी एएमडीने अधिकृतपणे ३२००पर्यंतचाच वेग दिला आहे, त्यावरचं ओव्हरक्लॉकिंगमध्ये, म्हणजे ठरलेल्या वेगापुढे पळवण्यात, धरतात. बहुतेक वेळा ३६०० सुरळीत चालतं, पण बोर्डाच्या साइटवरच्या मेमरीच्या यादीत तो पार्ट नंबर आहे का ते पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. शिवाय बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये जाऊन, पाकिटावरचा वेग लागू करणारं एक्सएमपी चालू करावं लागतं (काही बोर्डांवर त्याला डीओसीपी म्हणतात), नाहीतर महागाचा किट मुकाट आपल्या मूळ वेगावर, २१३३ किंवा २४००वर, पडून राहतो. वर्षानुवर्षं असे चालणारे किट मी लोकांच्या घरी पाहिले आहेत.

आणि दोनच स्लॉट आहेत. ८-८ लावून ते भरले की पुढे ३२ जीबी हवी झाल्यावर दोन्ही स्टिक काढाव्या लागतील. पहिल्या पर्यायातही तेच होईल, पण त्यात पैसे कमी अडकतात. म्हणून तो किट मी स्वतः घेणार नाही. बहिणीला तिची सर्वात जड फाइल, फोटोशॉप आणि ब्राउझर एकत्र उघडायला सांगा आणि टास्क मॅनेजरमध्ये ‘कमिटेड’चा, म्हणजे सगळ्या प्रोग्रॅमनी मिळून मागितलेल्या मेमरीचा, पहिला आकडा बघा. तो १३-१४ जीबीच्या आत राहत असेल तर पहिला पर्याय घ्या आणि उरलेले पैसे ठेवा. त्याच्या वर जात असेल तर १६ जीबी कुठलीही घेतली तरी पुन्हा अडकेल. मग थोडं थांबून १६-१६चा ३२०० सीएल१६ किट घेणंच बरं. पहिला पर्याय घेताना मात्र १.२ व्होल्टची साधी स्टिकच घ्या. १.३५ व्होल्टच्या एक्सएमपी स्टिकचे जादा पैसे जुनीच्या जोडीला वाया जातात.

भावाबद्दल. २०२३मधले ‘रॅम काय स्वस्त आहे’ म्हणणारे व्हिडिओ बघून बजेट ठरवू नका. रॅमच्या (डीरॅम) चिप बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या तीनच आहेत: सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. त्यांनी कारखान्यांची क्षमता एआय सर्व्हरच्या मेमरीकडे वळवली आणि डीडीआर४ आवरती घेतली, त्यामुळे २०२५च्या मध्यात डीडीआर४चे घाऊक भाव डीडीआर५च्याही वर गेले होते. तेव्हा तुलना एकाच दिवशीच्या भावांची करा आणि जीबीमागे किती पडतात ते काढा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा आणखी कुठल्या बाजारात फोनवर सांगितलेला भाव बऱ्याचदा ‘प्लस टॅक्स’ असतो. ५,५०० सांगितले तर १८ टक्के जीएसटी धरून ६,४९० झाले, आणि तीच स्टिक ऑनलाइन ६,३००ला सर्व धरून असेल तर ती स्वस्त. बिलाशिवाय ५,५००त देतो म्हणाला तर घेऊ नका. रॅमवर काही ब्रँड आयुष्यभराची वॉरंटी देतात, ती बिलाच्या कागदावरच उभी असते. बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या.

‘सर्व्हर पुल’ म्हणून, म्हणजे जुन्या सर्व्हरमधून काढलेल्या, फार स्वस्त मिळणाऱ्या डीडीआर४ स्टिकपासून लांब राहा. मी एकदा १६ जीबीच्या दोन घेतल्या होत्या. खाच जुळली, स्लॉटमध्ये नीट बसल्या, मशीन मात्र चालूच झालं नाही. त्या रजिस्टर्ड ईसीसी, म्हणजे सर्व्हरसाठीच्या प्रकारच्या, होत्या आणि घरगुती बोर्ड त्या घेत नाहीत. दुकानदाराने परत घेतल्या नाहीत. स्टिकरवर ‘आर’ने सुरू होणारं आरडीआयएमएम दिसलं की ठेवून द्या, तुम्हाला घरगुती मशीनची यूडीआयएमएम हवी.

स्टिक लावल्यावर त्याच दिवशी सीपीयू-झेड हे मशीनची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडून एसपीडीच्या पानावर पार्ट नंबर बिलाशी ताडून बघा, आणि मेमरीच्या पानावर चॅनेल दोन दिसतात का तेही. वेग तिथे १३३३च्या आसपास दिसेल, त्याने घाबरू नका, २६६६चं निम्मं आहे ते. रात्री मेमटेस्ट८६ हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवरून लावून चार फेऱ्या होऊ द्या. लाल रंगात एक जरी चूक आली तरी आधी स्टिक काढून पुन्हा नीट दाबून बसवा, मग एकेक स्टिक वेगळी तपासा. नवी एकटी असतानाही चूक येत असेल तर परतीची मुदत संपायच्या आत बदलून घ्या.