मार्कोनीसाहेबांना विचारा

या महिन्यात आलेली निम्मी पत्रं युद्धाबद्दल आहेत आणि उरलेली मोबाईलबद्दल. नीट वाचली तर दोन्हींचा विषय एकच. मी व्यापारी जहाजांवर रेडिओ ऑफिसर होतो. खलाशी आम्हाला ‘मार्कोनीसाब’ म्हणायचे, तेच नाव संपादकांनी सदराला देऊन टाकलं. मी काही संरक्षणतज्ज्ञ नव्हे. कोणाकडे किती क्षेपणास्त्रं, कोण कोणाला किती दिवसांत लोळवेल, हे विचारणाऱ्यांनी रात्री नऊला टीव्ही लावावा. तिथे तो माल भरपूर मिळतो.

माझा मुलगा तेलवाहू जहाजावर थर्ड इंजिनिअर आहे. जून २०२५ मध्ये इस्रायल-इराण युद्ध चालू असताना त्याचं जहाज होर्मुझजवळ होतं. जहाजं दाखवणाऱ्या ॲपवर ते एकदा वाळवंटात आणि एकदा चक्क विमानतळावर दिसलं. मग रात्रभर दिसेचना. मुलगा सुखरूप आहे, पण पुन्हा तिकडेच जायचं म्हणतो. ते ॲप खोटं आहे का? आणि त्याला जाऊ द्यावं का?
— एक आई, दापोली

ताई, ॲप खोटं नाही, त्याला मिळालेली माहिती खोटी होती. जहाजावर एआयएस नावाचं यंत्र असतं. जहाजाचं नाव, वेग, दिशा आणि ठिकाण ते दर काही सेकंदांनी व्हीएचएफवर, म्हणजे जवळच्या टप्प्याच्या रेडिओवर, सांगत राहतं, म्हणजे आसपासच्या जहाजांनी टक्कर टाळावी. ठिकाण त्याला जीपीएसकडून कळतं. ते उपग्रह वीस हजार किलोमीटर वर, आणि त्यांचा सिग्नल आपल्यापर्यंत पोचतो तो भरल्या आठवडी बाजारात कोणी कानाशी कुजबुजावं इतपतच. तो दाबायला मोठी ताकद लागत नाही. नुसता गोंगाट करून दाबला तर ते जॅमिंग, आणि उपग्रहाची हुबेहूब नक्कल करून चुकीचं ठिकाण पढवलं तर स्पूफिंग. हे करतात ते शत्रूचे ड्रोन भरकटावेत म्हणून. मधल्यामध्ये भरडली जातात जहाजं आणि विमानं.

विमानतळच का, हे कोडं तुम्हाला पडलं असणार. पुष्कळ ड्रोनमध्ये विमानतळाजवळ उडू नये अशी सोय कारखान्यातच केलेली असते. ‘तू विमानतळावर आहेस’ असं त्याला पटवलं की गडी आपणहून खाली बसतो, असं त्याचं स्पष्टीकरण देतात. जून २०१७ मध्ये काळ्या समुद्रात, नोव्होरोसिस्क बंदराजवळची जहाजं अशीच गेलेंजिकच्या विमानतळावर ‘उतरली’ होती. २०२४ मध्ये पूर्व भूमध्य समुद्रातली कित्येक जहाजं बैरुतच्या विमानतळावर दिसत होती.

रात्रभर दिसलं नाही, त्याचं कारण याहून साधं असू शकतं. धोक्याच्या पट्ट्यात एआयएस बंद ठेवायचा अधिकार कप्तानाला असतो. शिवाय ही ॲपं बऱ्याच ठिकाणी किनाऱ्यावरच्या अँटेनांवर चालतात, जहाज त्यांच्या टप्प्याबाहेर गेलं की पडद्यावरून जातं. तेव्हा पडद्यावर नाही म्हणजे बुडालं, असा अर्थ काढून रात्र जागू नका.

जीपीएस गेलं म्हणून जहाज आंधळं होत नाही. रडार आहे, जायरो होकायंत्र आहे, दीपस्तंभाचं बेअरिंग, म्हणजे तो कुठल्या दिशेला आहे ते, घेऊन नकाशावर रेघ मारणारा सेकंड मेट नावाचा अधिकारी आहे. पण धोका नाहीच, असंही मी म्हणणार नाही. त्याच दिवसांत, १७ जूनला, ओमानच्या आखातात ‘फ्रंट ईगल’ आणि ‘अडॅलिन’ हे दोन टँकर एकमेकांवर आदळून पेटले. ‘अडॅलिन’वरच्या २४ जणांना अमिरातीच्या तटरक्षक दलाने सोडवलं. जहाज हाकण्यातला अंदाज चुकला, असं तिथल्या मंत्रालयाने सांगितलं. आधीच बावचळलेल्या उपकरणांत अंदाज लवकर चुकतो, हे माझं मत.

आता जाऊ द्यावं का. ते मी ठरवणारा कोण? पण एक काम सांगतो. जहाज मालक आणि खलाशांच्या संघटना यांच्यात आयबीएफ नावाचा आंतरराष्ट्रीय करार आहे. त्यात काही समुद्र ‘युद्धसदृश क्षेत्र’ म्हणून जाहीर होतात. लाल समुद्राचा दक्षिण भाग येमेनच्या हूथी बंडखोरांच्या हल्ल्यांनंतर तसा जाहीर झाला होता. अशा क्षेत्रात जायला खलाशी नकार देऊ शकतो, कंपनीने त्याला स्वखर्चाने घरी पाठवायचं असतं. जो जातो त्याला त्या दिवसांचा मूळ पगार दुप्पट आणि मृत्यू वा अपंगत्व आलं तर भरपाईही दुप्पट. मेख एवढीच की हे सगळ्याच जहाजांना लागू नाही. स्वस्तातल्या एजंटाने चढवलेल्या पोरांच्या करारात असलं काही नसतं, आणि पोरंही विचारत नाहीत, कारण आधीच एजंटाच्या हातावर काहीतरी ठेवून आलेली असतात. सही करण्याआधी मुलाने कंपनीला सांगावं, ‘पगाराचा आकडा नंतर, आधी वॉर-झोनचं पान दाखव.’

७ मे २०२५ च्या नागरी संरक्षणाच्या मॉक ड्रिलनंतर आमच्या सोसायटीत दोन तट पडलेत. एक म्हणतो, उपग्रहांच्या काळात दिवे घालवून काय साधणार? दुसरा म्हणतो, गच्चीवर स्वतःचा भोंगा बसवू, वर्गणी काढू. सभा तीनदा तहकूब झाली. तुमचं मत?
— एक सेक्रेटरी, ठाणे

सेक्रेटरीसाहेब, भोंगा नको. भोंगा कोणी वाजवायचा हे नागरी संरक्षण दल ठरवतं. प्रत्येक गच्चीवर एकेक बसला तर खरा कुठला ते कळायचं कसं? टीव्हीवाले बातम्यांना पार्श्वसंगीत म्हणून तो आवाज लावत होते, तेव्हा १० मे रोजी सरकारला त्यांना सांगावं लागलं की हे थांबवा, लोकांना त्याची सवय होईल. तुमच्या भोंग्याचंही तेच होणार. आठवड्याभरात कोणीतरी पाण्याची वेळ सांगायला वाजवणार.

भोंग्याची खूण मात्र सगळ्यांना पाठ हवी. चढउतार होणारा आवाज म्हणजे धोका, आत जा. एकसुरी लांब आवाज म्हणजे धोका टळला. ड्रिलच्या दिवशी चढउताराचा आवाज ऐकून लोक मोबाईल घेऊन गॅलरीत आले होते, म्हणजे नेमकं उलटं.

दिवे घालवण्याबद्दल तुमचा पहिला तट अर्धा बरोबर आहे. १९७१ मध्ये मी शाळकरी पोर होतो, माझगावला मामाकडे. खिडक्यांना काळे-तपकिरी कागद, मोटारींच्या दिव्यांना वरून अर्धा काळा रंग. तेव्हा वैमानिक डोळ्यांनी शहर शोधायचा, म्हणून अंधाराला अर्थ होता. ठिकाणाचे आकडे भरून सोडलेल्या क्षेपणास्त्राला तुमच्या ट्यूबलाइटशी देणंघेणं नाही. पण कॅमेऱ्यावर चालणारे ड्रोन आहेत, आणि मुख्य म्हणजे ब्लॅकआउटमुळे माणसं रस्त्यावरून घरात येतात. तेवढ्यासाठीही ते करावं.

सभेत भोंग्याऐवजी याच्यावर भांडा: जिन्यातले सेन्सरचे दिवे आणि सोलरचे दिवे आपोआप लागतात, ते बंद करायचं बटण कुठे आहे आणि कोणाला माहीत आहे? वीज जाण्याआधी लिफ्ट कोण रिकामी करणार? सहाव्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या आजींकडे कोण जाणार, नावानिशी? आणि सगळ्यांच्या फोनमधला इमर्जन्सी अलर्ट चालू आहे का बघा. २० जुलै २०२३ ला सकाळी महाराष्ट्रात हजारो फोन एकदम किंचाळले होते, ती त्याचीच चाचणी होती. टॉवर तो संदेश आपल्या टप्प्यातल्या सगळ्या फोनना एकाच वेळी देतो, त्याला तुमचा नंबर लागत नाही आणि लाइनी तुंबल्या तरी तो पोचतो. पुष्कळांनी त्या दिवशी घाबरून ती सोय बंद करून टाकली, ती अजून बंदच आहे.

लेबनॉनमध्ये पेजर फुटले, तसा माझा चिनी फोन कोणी फोडू शकेल का?
— एक विद्यार्थी, लातूर

नाही रे बाबा. सप्टेंबर २०२४ मध्ये जे फुटले त्यांच्यात आधीच स्फोटकं घालून ते विकले होते, नुसत्या संदेशाने बॅटरी अशी फुटत नाही. तुझ्या फोनला खरा धोका आहे तो फुगलेल्या बॅटरीचा आणि उशीखाली चार्जिंगला लावून झोपण्याचा.

आमच्या माहेरच्या ग्रुपवर भावाने ‘कराची बंदर उडवलं’ म्हणून व्हिडिओ टाकला. मी खोटा म्हटलं तर ‘तुला देशाची आच नाही’ म्हणाला. त्याला कसं समजावू?
— एक गृहिणी, वाई

वहिनी, तो व्हिडिओ मलाही चार जणांनी पाठवला होता. मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्ष चालू असताना कराचीचं म्हणून फिरलेलं एक दृश्य अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाचं होतं, त्याच वर्षी जानेवारीअखेर तिथे विमान पडलं होतं त्याचं. ‘हजिरा बंदरावर हल्ला’ म्हणून आलेला व्हिडिओ २०२१ मधल्या तेलाच्या टँकरच्या स्फोटाचा निघाला. एटीएम बंद राहणार ही तिसरी थाप. तिने तर माणसं रांगेत उभी केली. कराचीची बातमी मोठ्या वाहिन्यांवरही झळकली, त्यामुळे एकट्या भावाला काय दोष देणार?

आमच्या धंद्यात याला शिस्त होती. रेडिओ रूमच्या भिंतीवर घड्याळ असे, त्याच्या तबकडीवर दोन लाल पट्टे, तासाच्या पंधराव्या आणि पंचेचाळिसाव्या मिनिटापासून तीन-तीन मिनिटांचे. काटा लाल पट्ट्यात आला की ५०० किलोहर्ट्झवर जगातल्या प्रत्येक जहाजाने चूप बसायचं. कोणी बुडत असेल तर त्याची क्षीण हाक ऐकू यावी म्हणून. त्या वेळात एखाद्याने मोर्सचे संदेश ठोकायची ‘की’ फालतू दाबली तर बाकीचे त्याला तिथल्या तिथे झापायचे. १९९९ च्या फेब्रुवारीत उपग्रहांची नवी पद्धत पूर्ण लागू झाली आणि तो प्रकार संपला. आमच्या नोकऱ्याही संपल्या, ते असो.

दुसऱ्याची हाक पुढे द्यायची वेळ आली तर त्यालाही पद्धत होती, आजही आहे: मेडे रिले, म्हणजे दुसऱ्याची संकटाची हाक पुढे पोचवणं. मी कोण बोलतोय, संकटात मी नाही, अमुक जहाज आहे, त्याची हाक मी अमुक वाजता ऐकली, त्याने सांगितलेलं ठिकाण हे. यातलं काही कळलं नसेल तर ‘कळलं नाही’ म्हणून सांगायचं, मनाचं भरायचं नाही. भावाला देशप्रेमावर उत्तर देऊ नका, तिथे तुम्ही हरणार. त्याला प्रेमाने तीनच गोष्टी लिहायला लावा: हे कोणी काढलं, कुठलं, कधीचं. मला खात्री आहे, दुसऱ्याच दिवशी तो सुप्रभातच्या फुलांवर परत येईल.

जून २०२५ मध्ये कतारची हवाई हद्द बंद झाली त्या रात्री दोह्यातल्या मुलाचा फोन आला: ‘पप्पा, अडकलोय, लगेच पैसे पाठवा.’ आवाज त्याचाच. पण घरात सगळे मला आण्णा म्हणतात, म्हणून मी फोन ठेवला. हे काय होतं?
— एक शेतकरी, सांगली जिल्हा

आण्णा, तुम्ही शाबूत राहिलात ते ‘आण्णा’मुळे. सोशल मीडियावरच्या एखाद्या रीलमधून आवाज उचलून तसाच्या तसा बोलणारा तयार करता येतो, आणि युद्धाची बातमी ताजी असते तेव्हा माणूस पडताळत बसत नाही हे चोरांना पक्कं ठाऊक असतं. फोन ठेवायचा आणि आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर आपण लावायचा. घरात एक खुणेचा शब्द ठरवा, म्हशीचं नाव चालेल, फक्त ते रीलमध्ये आलेलं नसावं. कोणाचे पैसे गेलेच तर शरम न बाळगता त्याच घटकेला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायला सांगा. लवकर कळवलं तर रक्कम मध्येच अडवता येण्याची शक्यता असते. ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची अटकही आपल्या कायद्यात नाही, तेही गावात सांगून ठेवा.

तुम्ही कधी बाजू घेत नाही. एकदाचा निकाल लागावा की नाही, सरळ सांगा.
— एक निवृत्त अधिकारी, पुणे

सरळ सांगतो. ६ मार्च २०२४ ला एडनच्या आखातात ‘ट्रू कॉन्फिडन्स’ जहाजावर हूथींचं क्षेपणास्त्र पडलं. झेंडा बार्बाडोसचा, चालवणारे ग्रीक. मेले ते दोन फिलिपिनो आणि एक व्हिएतनामी. उरलेल्या २१ जणांना आपल्या ‘आयएनएस कोलकाता’ने उचललं, त्यांत एक भारतीय होता. यांतला एकही माणूस त्या भांडणात नव्हता. ऐंशीच्या दशकात इराण-इराक युद्धात आखातातून टँकर नेताना पेटलेल्या जहाजांच्या हाका मी लिहून घेतल्यात. मेसमध्ये तो कागद वाचून दाखवला की गोळा कोणाचा होता हे कोणी विचारत नसे. ‘लोक उतरले का?’ एवढंच विचारत. देशावर हल्ला झाला तर उत्तर द्यावं लागतं, ते मला मान्य आहे. पण निकाल ‘एकदाचा’ लागलेला मी तरी अजून पाहिलेला नाही, साहेब.

मोर्स कोड शिकून आता काही उपयोग आहे का?
— एक विद्यार्थिनी, इयत्ता नववी, कणकवली

नोकरीसाठी नाही. पण हॅम रेडिओची, म्हणजे हौशी लोकांच्या रेडिओची, परीक्षा देऊन परवाना मिळतो, वयाची अट बारा वर्षांची, ती तू ओलांडलीस. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत अंदमानचे फोन गेले, तेव्हा पोर्ट ब्लेअरला योगायोगाने आलेल्या भारतीय हॅमनी निरोप पोचवले होते. मोर्सची सुरुवात ठिपके-रेघा पाठ करून करू नकोस, ती सवय मग सुटत नाही. कानाने शीक: ‘डा-डिट’ ऐकू आलं की ‘एन’ असं आपोआप हातातून उतरलं पाहिजे. रोज पंधरा मिनिटं, आणि पहिला महिनाभर की ला हात लावायचा नाही.