दारावरच्या स्टिकरकडे बघायला शिकव

डिचोलीच्या ताई,

लेक मायक्रोबायोलॉजीत बीएस्सी झाली, सप्टेंबरात एमपीएचसाठी, म्हणजे सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर पदवीसाठी, वेल्समधल्या कार्डिफला निघाली. आजारी पडली तर काय, आणि तिथे जे पाहील त्याचा गोव्यात परतल्यावर उपयोग काय, असे तुम्ही विचारता.

पहिले आधी. क्षयरोगाची तपासणी ब्रिटनने मान्यता दिलेल्या केंद्रातच करावी लागते. तो दाखला 6 महिनेच चालतो. घाई करून फेब्रुवारीत काढला आणि व्हिसाचा अर्ज ऑगस्टअखेर गेला, तर सगळे पुन्हा. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठीच्या अधिभाराचे वर्षाला 776 पौंड व्हिसासोबतच भरले जातात. पण पैसे भरले म्हणजे डॉक्टर मिळाला असे नाही. पहिल्याच आठवड्यात घराजवळच्या जीपीकडे, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवायला सांगा. मुले ताप चढेपर्यंत थांबतात. तातडीला 999, सल्ल्याला 111. वेल्समध्ये जीपीने लिहिलेली औषधे फुकट. दातांचे दुखणे मात्र इथूनच उरकून जावे.

बांगडे तळताना स्वयंपाकघराचे दार बंद हवे. ते आगरोधक असते. पाचर लावून उघडे ठेवले की धूर कॉरिडॉरमधल्या अलार्मला लागतो आणि अख्खी इमारत रात्री रस्त्यावर. अलार्मवर पिशवी बांधणे हा त्यावरचा उपाय नव्हे!

आता नोकरीचे. कार्डिफच्या प्रत्येक हॉटेलच्या दारावर 0 ते 5 गुणांचा स्वच्छतेचा स्टिकर दिसेल. वेल्समध्ये तो 2013 पासून सक्तीचा आहे. रेल्वेने तासाभरावर ब्रिस्टल, तिथे इंग्लंडचा कायदा, म्हणून ऐच्छिक. कमी गुणांची दुकाने कुठे स्टिकर लावतात नि कुठे लपवतात, हे तिने दोन्हीकडे फिरून टिपावे. गुण तीन गोष्टींवर ठरतात: अन्नाची हाताळणी, जागेची अवस्था, आणि मालकाच्या नोंदी. आपल्याकडे भिंतीवरचा एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, परवाना परवानगी सांगतो, गुण सांगत नाही. हा फरक मुलाखतीत नेमका मांडता आला पाहिजे. ‘तिकडे फार स्वच्छता’ एवढ्याने कोणी ऐकून घेत नाही.

वहीत चार रकाने पुरेत: काय पाहिले, तपासते कोण, किती दिवसांनी, नापास झाल्यास काय. आतल्या स्वयंपाकघरांचे किंवा रुग्णांचे फोटो काढू नयेत.

एमपीएचच्या बळावर तिथे अन्न तपासणी अधिकारी होता येत नाही, त्याला वेगळी मान्यताप्राप्त पात्रता लागते. आपल्याकडच्या अन्न सुरक्षा अधिकारीपदाच्या पात्रतेत मात्र मायक्रोबायोलॉजीची पदवी बसते, म्हणून बीएस्सीची मूळ गुणपत्रके घरीच जपून ठेवा आणि सोबत साक्षांकित प्रती द्या.