सात-बारा तुमच्या नावावर, पण मुदत?

प्रश्न: दीड एकर जमीन चुलतभावाला तोंडी कसायला दिली होती. नोटीस देऊन परत मागितली तेव्हा ‘वीस वर्षं मी कसतोय, जमीन माझीच’ असं वकिलामार्फत लेखी उत्तर आलं. त्याला अकरा वर्षं चार महिने झाले. तलाठ्याकडे अर्ज केले, तहसीलदाराकडे तक्रार केली, आणखी दोन नोटिसा दिल्या. कोर्टात वर्षं जातात म्हणून दावा केला नाही. सात-बारा माझ्याच नावावर आहे. काय करावं?

उत्तर: सात-बाऱ्यावर विसंबू नका, तो महसुलाचा कागद आहे. तुमचं सगळं त्या उत्तराच्या तारखेवर अवलंबून आहे. परवानगीने कसलेली वीस वर्षं चुलतभावाच्या उपयोगाची नाहीत. नुसता घाम गाळला म्हणून कायदा मालकी देत नाही. पण ‘जमीन माझी’ असं त्याने लेखी कळवलं त्या दिवसापासून ताबा तुमच्याविरुद्ध झाला आणि ताब्याचा दावा करायची, मुदत कायदा, 1963 च्या अनुच्छेद 65 ची बारा वर्षं सुरू झाली, असंच धरून चाला. ती संपली की कलम 27 प्रमाणे तुमची मालकीही संपते. त्याआधीही त्याने कुठे उघड मालकी सांगितली असेल, तर तारीख आणखी मागे जाऊ शकते. ते आजच तपासा.

तलाठ्याकडचे अर्ज, तहसीलदाराकडची तक्रार, पुढच्या दोन नोटिसा: यातल्या कशानेही मुदत थांबलेली नाही. ती थांबते दिवाणी न्यायालयात वादपत्र, म्हणजे दाव्याचा लेखी अर्ज, दाखल झाल्यावरच. उशीर माफ करणारं कलम 5 दाव्यांना लागूच होत नाही. ‘कोर्टात वर्षं जातात’ म्हणून तुम्ही थांबलात, हे मात्र अक्षम्य आहे. दाखल दाव्यात न्यायालयाने घालवलेली वर्षं तुमच्या नावे मोजत नाहीत, घरी बसून घालवलेली मोजतात.

मालकी जाहीर करून ताबा मिळावा, अशी मागणी करा. नुसता मनाईहुकूम मागून भागणार नाही, कारण ताबा तुमच्याकडे नाही. नुसती मालकी जाहीर करून मागाल तर विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम 34 चं परंतुक आड येईल: ताबा मागता येत असताना तो मागितला नाही, तर नुसती मालकी जाहीर करून मिळत नाही. खरेदीखत, फेरफार, पहिली नोटीस, तिची पोच आणि ते मूळ उत्तर जोडा. चतुःसीमा बिनचूक लिहा. मोजणीसाठी मात्र दाखल करायचं थांबवू नका.

पिकाचा वाटा घेत होतात का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. घेत असाल तर चुलतभाव कुळाचा मुद्दा काढेल, आणि तेवढा मुद्दा दिवाणी न्यायालयाला तहसीलदाराकडे पाठवावा लागू शकतो. वकिलाला हे पहिल्याच भेटीत सांगा.