समाजकार्याची पदव्युत्तर पदवी: नोकरी सोडावी, पण येत्या जूनमध्ये नव्हे

सातारा शहरातील २९ वर्षांच्या एका वाचक भगिनीचा प्रश्न थोडक्यात असा: "मी बी.कॉम. असून एका पतसंस्थेत चार वर्षे चार महिने लिपिक आहे. हातात २१,००० रुपये येतात. यजमान एमआयडीसीतील खासगी कारखान्यात आहेत, त्यांना ३४,००० मिळतात. घरकर्जाचा हप्ता १३,८००, पहिलीतल्या मुलाच्या शाळेसह घरखर्च २६,०००, म्युच्युअल फंडातील मासिक गुंतवणूक (एसआयपी) ४,००० आणि विमा पॉलिसीचा वार्षिक हप्ता २८,००० आहे. मुदत ठेव २,६०,००० ची असून सहा वर्षांच्या पीपीएफ खात्यात १,८५,००० आहेत. मी दर रविवारी एका व्यसनमुक्ती केंद्रात विनामोबदला काम करते. आता एम.एस.डब्ल्यू. करून रुग्णालयात समुपदेशनाचे काम पूर्णवेळ करावे, अशी इच्छा आहे. राहायचे मात्र साताऱ्यातच. येत्या जूनमध्ये जकातवाडीच्या महाविद्यालयात प्रवेश घ्यावा, की मुंबईच्या टाटा संस्थेसाठी प्रयत्न करावा? वडील कोरेगावकडची दहा गुंठे जमीन विकून पैसे द्यायला तयार आहेत."

ताई, सप्रेम नमस्कार.

दोन वर्षांचे शुल्क, पुस्तके आणि क्षेत्रकार्यासाठीचा, म्हणजे संस्थांतील प्रत्यक्ष सरावासाठीचा, प्रवास मिळून १,२०,००० रुपये लागतील, असे आपण कळवले आहे आणि आपला सगळा हिशेब त्या एका आकड्याभोवती फिरतो आहे. खरा खर्च तो नाही. नोकरी सोडल्यावर चोवीस महिन्यांचा पगार बुडतो, तो ५,०४,००० रुपये होतो. पदवीनंतर काम मिळेपर्यंत सहा महिने जातात असे धरले, तर त्यात आणखी १,२६,००० ची भर पडते. शुल्क आणि थोडे व्याज मिळवले की या निर्णयाची किंमत साडेसात लाखांच्या घरात जाते. नंतरची नोकरी २५,००० ची मिळाली, म्हणजे आजच्यापेक्षा चारच हजार अधिक मिळाले, तर वर्षाला ४८,००० च्या फरकाने ही रक्कम भरून निघायला पंधरा वर्षांहून अधिक काळ लागेल. नोकरी ३२,००० ची मिळाली, तर पावणेसहा वर्षे पुरतील. दोन्हीकडच्या पगारवाढी मी येथे सोडून दिल्या आहेत, त्यामुळे हा अंदाज ढोबळ आहे. पण केवळ उत्पन्न वाढावे म्हणून कोणी हा अभ्यासक्रम निवडत असेल, तर मी त्यास अनुकूल मत देणार नाही. आपण कामाची जात बदलू पाहत आहात आणि त्यासाठी किती मोजायचे हे आपण व यजमानांनी मिळून ठरवायचे आहे. घराला ते झेपेल का, एवढेच मी सांगू शकतो. झेपेल, पण येत्या जूनमध्ये नाही.

महिन्याचा हिशेब पाहू. आज सर्व खर्च, एसआयपी आणि विम्याचा मासिक वाटा वजा जाता आपल्याकडे सुमारे ८,८०० रुपये उरतात. आपला पगार थांबला, तर एसआयपी बंद करूनही दरमहा सुमारे ८,१०० ची तूट येईल. दोन वर्षांत ती १,९५,००० होईल. त्यावर शुल्काचे १,२०,००० धरले, तर ३,१५,००० लागतात आणि ठेव २,६०,००० चीच आहे. म्हणजे दुसऱ्या वर्षाच्या मध्यातच घर रिकाम्या हाताने चालवावे लागेल आणि त्याच वेळी यजमानांच्या कारखान्यात काही कमी-जास्त झाले, तर घरकर्जाचा हप्ता थकेल. एक वर्ष थांबलात, तर उरणारे ८,८०० आणि एसआयपीचे ४,००० मिळून १,५३,६०० जमतील व हाताशी ४,१३,६०० असतील. मुदत ठेवीचे व्याज मी मुद्दाम धरलेले नाही. एसआयपीची रक्कम या वर्षापुरती आवर्ती ठेवीत वळवावी. बारा-अठरा महिन्यांत लागणारा पैसा शेअर बाजाराच्या चढउतारावर ठेवू नये.

शुल्कासाठी मात्र या पैशाला हात लावू नये. त्यासाठी १,२०,००० चे शैक्षणिक कर्ज घ्यावे. ठेवीवर सात टक्क्यांच्या आत-बाहेर व्याज मिळत असताना दहा टक्क्यांचे कर्ज कशाला, असे यजमान विचारतील आणि त्यांचा प्रश्न रास्त आहे. त्या दोन-तीन टक्क्यांच्या बदल्यात आपल्याला हाताशी रोकड मिळते, आणि एकाच्या पगारावर चालणाऱ्या घरात रोकडीचे मोल त्याहून अधिक असते. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँका साधारणतः तारण मागत नाहीत, सहकर्जदार म्हणून यजमानांची सही लागते, आणि परतफेड अभ्यासक्रम संपल्यावर वर्षभराने सुरू होते. तोवर व्याज साचू देऊ नका. पहिल्या वर्षी महिना ५०० आणि नंतर १,००० या दराने ते भरत राहावे. पुढे पाच वर्षांसाठी हप्ता सुमारे २,५५० येईल. आयकरात अशा कर्जाच्या व्याजाची वजावट मिळते हे खरे आहे, पण ती जुन्या करप्रणालीतच मिळते, आणि यजमानांच्या वार्षिक ४,०८,००० च्या उत्पन्नावर कर बसतच नसल्याने आपल्याला तिचा काही उपयोग नाही. बँकेतील कोणी तीच वजावट पुढे करून मोठे कर्ज सुचवले, तर ऐकू नका.

या पद्धतीने दोन वर्षांची तूट, नंतरच्या सहा महिन्यांची तूट आणि कर्जाचे व्याज भागवूनही सुमारे १,४५,००० शिल्लक राहतात. हप्त्यासह साडेतीन महिन्यांचा घरखर्च त्यात निघतो. पीपीएफमधून सातव्या वर्षापासून अंशतः रक्कम काढता येते, ती दुसरी फळी समजून तशीच राहू द्यावी. राज्य सरकारच्या महाडीबीटी संकेतस्थळावरील शिष्यवृत्ती किंवा शुल्कसवलतीच्या योजनांपैकी कोणती योजना या अभ्यासक्रमाला आणि आपल्या प्रवर्गाला लागू आहे, हे महाविद्यालयाच्या कार्यालयातून लेखी घ्यावे. मिळाली तर कर्ज तेवढे कमी होईल.

आता मुंबईविषयी. टाटा समाजविज्ञान संस्था १९३६ मध्ये सुरू झाली. देशातील समाजकार्याच्या शिक्षणाचा आरंभ तेथूनच झाला आणि तिच्या नावाचे वजन आजही आहे. मोठ्या संस्थांत आणि कंपन्यांच्या सामाजिक दायित्व विभागांत ते नाव कामी येते. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करणे बंधनकारक केल्यापासून अशी पदे वाढली, पण ती बहुतांशी पुण्या-मुंबईत आहेत. आपल्याला तर साताऱ्यातच राहायचे आहे. मग मुंबईचा खर्च करून साताऱ्याचा पगार घ्यायचा, शिवाय दोन वर्षे मूल एकीकडे आणि आई दुसरीकडे, हा व्यवहार मला पटत नाही.

उलट प्रश्नही विचारायला हवा: नोकरी न सोडता हे जमेल का? नियमित अभ्यासक्रमात नाही. आठवड्यातील साधारण दोन दिवस क्षेत्रकार्यात जातात, त्यांचे अहवाल लिहावे लागतात आणि पतसंस्थेच्या वेळेत ते बसत नाही. इग्नूचा, म्हणजे इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचा, एम.एस.डब्ल्यू. किमान दोन आणि कमाल चार वर्षांत करता येतो, पगार चालू राहतो आणि वरचा साडेसात लाखांचा हिशेबच मिटतो. क्षेत्रकार्य तेथेही सक्तीचे आहे. यजमानांची नोकरी डळमळीत वाटत असेल, तर हाच मार्ग धरावा. एरवी रुग्णालयातील कामाला लागणारा सराव प्राध्यापकांच्या देखरेखीखाली रोजच्या रोज झालेला बरा, असे माझे मत आहे.

थांबण्याचे हे वर्ष नोकऱ्यांच्या जाहिराती वाचण्यात घालवावे. सरकारी रुग्णालयांतील समाजसेवा अधीक्षक, एचआयव्ही समुपदेशन केंद्रांतील समुपदेशक, बाल संरक्षण कक्षातील पदे यांत पात्रता नेमकी काय मागितली आहे, मानधन किती आहे आणि नेमणूक कायम आहे की अकरा महिन्यांच्या करारावर, हे वहीत उतरवून ठेवा. यांतील बरीच पदे कंत्राटी असतात, हे गृहीत धरूनच पुढे चला. मनोविकार विभागातील कामासाठी काही ठिकाणी एम.एस.डब्ल्यू. नंतरचे विशेष शिक्षणही मागतात, म्हणजे आणखी दोन वर्षे जातील. ती आपल्या हिशेबात नाहीत. केंद्रातील ज्या समुपदेशकांबरोबर आपण रविवारी काम करता, त्यांना पगार विचारायला संकोच करू नका. निम्म्याहून अधिक जाहिराती २५,००० च्या खालीच दिसल्या, तर वरची पंधरा वर्षे पुन्हा एकदा दोघांनी मिळून वाचावीत.

वडिलांची जमीन विकू नये. अवघ्या सव्वा लाखाच्या शुल्कासाठी जमीन काढली, की सातबाऱ्यावरील इतर नावांच्या संमतीपासून तुकडेबंदीच्या नियमांपर्यंत सगळे निस्तरत बसावे लागते, आणि घाईतली विक्री पडत्या भावातच होते. त्यांना मदत करायचीच असेल, तर कर्जाचे व्याज त्यांनी भरावे. महिना ५०० ते १,००० ची ती बाब आहे.

राजीनाम्यापूर्वी दोन गोष्टी उरकाव्यात. आपला पगार थांबला की सगळी भिस्त यजमानांवर येते आणि आपल्या पॉलिसीचे विमाछत्र अवघे पाच लाख आहे. ती पॉलिसी नियमांत बसत असेल, तर पेड-अप करावी, म्हणजे पुढचे हप्ते थांबवून कमी विमारकमेवर चालू ठेवावी, आणि त्याच २८,००० मधून यजमानांचा किमान पन्नास लाखांचा मुदत विमा व तिघांचा आरोग्य विमा घ्यावा. नवी पॉलिसी हातात आल्याशिवाय जुन्या पॉलिसीचा हप्ता थांबवू नये.

दुसरी गोष्ट ग्रॅच्युइटीची, म्हणजे नोकरी सोडताना मिळणाऱ्या एकरकमी सेवा उपदानाची, जी आपल्या पत्रात कोठेच आलेली नाही. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत सलग पाच वर्षे सेवा झाली, की तिचा हक्क मिळतो. येत्या जूनमध्ये राजीनामा दिलात, तर हा हक्क थोडक्यात हुकेल. आपले मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून १४,००० असेल, तर सेवेच्या दर वर्षाला त्या वेतनाचा पंधरा भागिले सव्वीस भाग या सूत्राने पाच वर्षांचे सुमारे ४०,००० होतात, आणि शिल्लक चार महिन्यांच्या घरखर्चापेक्षा वर जाते. रुजू झाल्याची तारीख नेमणूकपत्रावरून पडताळून घ्यावी, सेवेत खंड दाखवलेला नाही ना हे आस्थापना विभागाकडून पाहून घ्यावे, आणि राजीनाम्यावर पाच वर्षे पूर्ण झाल्यानंतरचीच तारीख घालावी.