आजोबांना बैल सोडायला जायचंय

लातूरला जनरल ड्युटी असिस्टंटचा, म्हणजे पेशंटच्या देखभालीचा, कोर्स केलाय. अंग पुसणं, बीपी, लघवीची पिशवी सगळं येतं. डिमेन्शियाचं, म्हणजे विसर पडत जाण्याच्या आजाराचं, वेगळं ट्रेनिंग कशाला?

ताई, कोर्समध्ये बहुतेक पेशंट अंथरुणावर असतो. डिमेन्शियाचा पेशंट पुष्कळदा चालता-फिरता असतो आणि तुम्हालाच विचारतो, ‘तू कोण गं?’ अमेरिकेत नर्सिंग होममधल्या, म्हणजे म्हाताऱ्या-आजारी माणसांना ठेवून सांभाळणाऱ्या संस्थेतल्या, सर्टिफाइड नर्स एडला (प्रशिक्षित मदतनीसाला) आधी किमान ७५ तास शिकवतात. पुढे दरवर्षी किमान १२ तासांचं प्रशिक्षण, आणि त्यात डिमेन्शिया सक्तीचा. ‘दरवर्षी’ हे मला फार पटतं, कारण आजार रूप पालटत राहतो. क्लास लावताना एवढं विचारा: प्रत्यक्ष पेशंटपाशी किती दिवस बसवणार? नुसत्या स्लाइड दाखवणार असतील तर पैसे भरू नका.

बीडजवळ आजोबांची ड्युटी आहे. दिवस कलला की दार ओढतात, ‘बैल सोडायचेत.’ मुलगा म्हणतो, बैल कधीच विकले ते सांगून टाका.

सांगू नका. त्यांना ते दर वेळी नव्याने कळेल आणि तेवढंच लागेल. विचारा, ‘जोडी कोणती आजोबा, लाल कंधारी का देवणी?’ अशाच एका आजोबांच्या हातात आम्ही दाव्याचा तुकडा दिला होता. थरथरणारी बोटं पीळ देऊ लागली, निम्मी गाठ बसली, आणि ते खाटेवर टेकून बैलांच्या खोडी सांगू लागले. दार विसरले.

पण आधी लघवीला नेऊन आणा. ‘जायचंय’ म्हणजे पुष्कळदा तेच असतं. अंधार पडायच्या आत दिवे लावा, दुपारची झोप लांबू देऊ नका. घरच्यांचा फोन नंबर कापडावर लिहून सदऱ्याच्या खिशात आतून शिवा. आणि दाराला बाहेरून कडी घालून त्यांना एकटं कधीही सोडू नका.

परभणीची आजी अंघोळीला नेलं की मारते, शिव्या देते.

शॉवरखाली उभं करता का? जन्मभर पाटावर बसून तांब्याने अंघोळ केलेल्या बाईच्या डोक्यावर अचानक पाणी पडतं, वर परकं कुणीतरी लुगडं फेडतं. तिच्या जागी मीही हात उगारला असता. पाणी आपल्या कोपराने बघा. खांद्यावर पंचा राहू द्या. तांब्या तिच्याच हातात द्या आणि सुरुवात पायांपासून करा, डोकं शेवटी. नाही म्हणाली तर त्या दिवशी अंग पुसून घ्या. रोज न्हाऊ घातलंच पाहिजे असं काही नाही.

औसा तालुक्यातली आजी पहाटे उठून गोधडी ओढत अंगणात जाते. ‘बाहेर व्हा’ म्हणते.

३० सप्टेंबर १९९३ ला त्या कुठे होत्या, हे घरच्यांना विचारा. किल्लारीचा भूकंप पहाटे चारच्या सुमारास झाला होता. त्या तिथल्या असतील तर ‘काही झालं नाही, झोपा’ म्हणणं त्यांना खोटंच वाटणार. शाल पांघरा, ओसरीवर सोबत बसा, ‘सगळे बाहेर आलेत’ म्हणा. हात सैल पडला की आत न्या. कामावर रुजू होताना पेशंटची अशी हकीगत वहीत लिहून घ्यायला प्रत्येक क्लासने शिकवावं, असं माझं ठाम मत आहे.

नांदेडचे काका दोन दिवसांत एकदम बरळायला लागले. आजार वाढला का?

दोन दिवसांत डिमेन्शिया सहसा असा वाढत नाही. लघवीचा संसर्ग, अंगातलं पाणी कमी होणं, तुंबलेला कोठा, नवं औषध, पडल्याचा मार, यांपैकी काहीतरी असू शकतं. ताप बघा, लघवी किती होते ते लिहा, गोळ्यांच्या पट्ट्या सोबत घ्या आणि आजच डॉक्टरांकडे न्या.