पबमधले इतिहास-व्याख्यान : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : लीड्समधल्या एका पबच्या वरच्या खोलीत दर महिन्याला मराठ्यांच्या इतिहासावर मोफत व्याख्यान ठेवायचे आमच्या मनात आहे. पबवाले तयार आहेत. मांडणी कशी करावी?
– एक वाचक, लीड्स

उत्तर : या कामाचे माप तुमच्याच शहरात ठरलेले आहे. मार्क सोते यांनी 1992 मध्ये पॅरिसच्या बास्तीय चौकातल्या एका काफेत तत्त्वज्ञानाच्या खुल्या चर्चा सुरू केल्या. त्यावरून डंकन डॅलस यांनी 1998 मध्ये लीड्समध्ये ‘काफे सियांतिफिक’ म्हणजे विज्ञानावरच्या खुल्या गप्पा सुरू केल्या. वीसेक मिनिटे बोलायचे, मग पेय आणायला सुट्टी, मग प्रश्न. इतिहासालाही हेच बसते. सुट्टी केवळ पबच्या गल्ल्यासाठी नसते. तेवढ्या वेळात शेजारी बसलेले आपसात बोलतात आणि एरवी गप्प राहणाऱ्याला प्रश्न सुचतो. ती गाळली की आधी अवघडलेली शांतता पसरते, आणि मग एकच गृहस्थ सगळा वेळ खातात.

साडेसातला सुरुवात, 25 मिनिटे बोलणे, 20 मिनिटे सुट्टी, 40 मिनिटे प्रश्न. नऊच्या सुमारास आटोपते. 25 मिनिटांत तीन हजारांच्या आसपास शब्द बसतात, म्हणून विषय अरुंद हवा. ‘मराठे आणि इंग्रज’ हा विषय पबमध्ये पेलत नाही. त्याऐवजी शिंदे-भोसल्यांची फौज आणि इंग्रज यांच्यातली 23 सप्टेंबर 1803 ची असईची लढाई घ्या, आणि तीही सगळी नको. केळणा नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर वसलेली दोन गावे इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीला दिसली, तेव्हा मध्ये चालत ओलांडता येणारा उथळ उतार असणारच असे त्याने ताडले आणि सैन्य पार नेले. तेवढ्या एका निर्णयाभोवती व्याख्यान बांधा. मग आकडे सांगा : इंग्रजांच्या बाजूचे 428 ठार, 1,138 जखमी. आणि एक गोष्ट मुळीच वगळू नका. पेशवे इंग्रजांच्या आश्रयाला गेले त्या वसईच्या तहानंतर पेशव्यांचे घोडदळ त्या दिवशी वेलस्लीच्या बाजूला होते. हे ऐकल्यावर खोलीत जी चर्चा होते, तिच्यासाठीच हा सारा खटाटोप करायचा.

पडद्यावरच्या चित्रांचा मोह टाळा. पबच्या खोलीत खांब आडवे येतात, दिवे पुरते मंद होत नाहीत, मागच्यांना नकाशावरची नावे वाचता येत नाहीत. ए-5 कागदावर एका बाजूला नकाशा आणि दुसऱ्या बाजूला पाच-सहा तारखा छापून प्रत्येक टेबलावर ठेवा. लोक तो घरी नेतात.

पबशी बोलताना वार सोमवार धरा. मंगळवार-बुधवारी चॅम्पियन्स लीगचे फुटबॉल सामने असतात, आणि खालचा आरडाओरडा जिन्यातून थेट वर येतो. खोलीचे भाडे नको, पण किमान विक्रीची हमी मागितली तर हिशेब करा : 40 माणसे, प्रत्येकी पाच पौंडांचे एक पेय, म्हणजे 200 पौंड. त्याच्या वर हमी देऊ नका, कारण कोणी नुसते पाणी घेऊन बसला तरी त्याला अवघडल्यासारखे वाटता कामा नये. सुट्टीत गल्ल्यावर दोन माणसे हवीतच. एकटा माणूस 20 मिनिटांत 40 जणांना उरकू शकत नाही, आणि निम्मे लोक प्रश्नोत्तरे सुरू झाल्यावर ग्लास घेऊन परततात. जेवणाच्या ऑर्डरी सव्वासातपर्यंत किंवा सुट्टीतच द्यायच्या, हे स्वयंपाकघराला आधी सांगा. ऐन बोलण्यात ताटे आली की धागा तुटतो.

परवान्याची काळजी करू नका. इंग्लंडच्या 2003 च्या लायसन्सिंग कायद्यात नुसते व्याख्यान परवाना लागणाऱ्या करमणुकीत मोडत नाही.

प्रश्न : खोली लहान असूनही मागच्यांना ऐकू येत नाही. मोठ्याने बोलूनही उपयोग होत नाही.

उत्तर : अंतर दुप्पट झाले की मोकळ्या जागेत आवाज सहा डेसिबलने उतरतो, आणि भरलेल्या खोलीत माणसांचे कपडेही तो शोषतात. ओरडून शब्द स्पष्ट होत नाहीत, घसा मात्र बसतो. हातात धरायचा माइक घ्या आणि तो तोंडापासून दोन-तीन बोटांवर ठेवा. कॉलरचा माइक अशा खोलीत लवकर शिट्टी मारतो. स्पीकर वक्त्याच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून ठेवा. पाठीमागे ठेवलात तर त्याचा आवाज माइकमध्ये परत शिरतो. पबचे संगीत नुसते कमी न करता बंदच करायला सांगा, आणि आदल्या आठवड्यात त्याच वेळी खोलीत जाऊन बर्फाच्या यंत्राचा आवाज किती येतो तेही ऐका.

प्रश्न : श्रोत्यांपैकी कोणी ऐकीव गोष्ट ठामपणे सांगून वाद घातला तर?

उत्तर : वक्त्याने एकट्याने तोंड देऊ नये. सूत्रधार वेगळा असावा आणि माइक त्याच्याच हातात राहावा. श्रोत्याने बसल्या जागी प्रश्न विचारायचा, सूत्रधाराने तो एका वाक्यात सर्वांना ऐकवायचा. लांबलेली टिप्पणी तिथेच आटोक्यात येते. दाव्याला उत्तर एकच : कोणत्या कागदात आहे, आणि तो कागद घटनेनंतर किती वर्षांनी लिहिला? हे शांतपणे आणि खऱ्या उत्सुकतेने विचारावे. पेय हातात आहे म्हणून पुराव्याची पट्टी खाली आणू नये. श्रोत्याने सबळ कागद दाखवला, तर वक्त्याने तो जाहीरपणे मान्य करावा.

प्रश्न : पुण्यात असाच उपक्रम पबमध्ये करता येईल का?

उत्तर : करता येईल, पण आमचा सल्ला नाही असाच आहे. महाराष्ट्रात बिअर-वाइनसाठी 21 आणि इतर मद्यासाठी 25 वर्षांची अट आहे. ज्यांच्यापर्यंत इतिहास पोचायला हवा ती अठरा-एकोणीस वर्षांची मुले दारातच अडतील. रमत-गमत ऐकण्यासाठी मद्य लागत नाही. टेबले, चहा आणि प्रश्न विचारण्याची मोकळीक लागते. पुण्याला 1875 पासून वसंत व्याख्यानमालेची सवय आहे, म्हणजे श्रोता तयार आहे. एखादा इराणी किंवा साधा कॅफे शोधा, मालकाकडे दुपारी तीन ते पाचची रिकामी वेळ मागा, आणि सुट्टीत चहा-बनमस्का विकू द्या. बाकी सगळे वेळापत्रक लीड्सचेच ठेवा.